बोटीच्या आदल्या रात्री

वाचकहो, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आमच्या केळापूर तालुक्यातल्या एका गावी फरदडीबद्दल सभा घेतली. गुलाबी बोंडअळीचे चक्र तोडायचे तर डिसेंबरअखेर कपाशी उपटलीच पाहिजे, हे मी दरवर्षी सांगतो. लोक दरवर्षी मान डोलावतात, आणि परत जाताना रस्त्याकडेला मला हिरवी फरदड दिसतेच. असो. सभा संपली, चहा आला, आणि मागच्या ओळीतले एक म्हातारे शेतकरी पुढे सरकून बसले.

"साहेब, तुमी म्हने बुडीले बोटीवर फिरवून आनलं?"

म्हटले, हो, आणले.

"मंग बोटीत बसाच्या आदल्या राती राह्यले कुठी?"

मला जरा नवल वाटले. पांढरकवड्यात ज्याने त्याने विचारले ते तिकीट किती, जेवण कसे, पोटात ढवळते का. हा प्रश्न कोणी केला नव्हता. मी तसे म्हणताच म्हातारे बोलले, "बोटीवरचं सारं कंपनी पाह्यते. आदल्या रातीचं कोन पाह्यते? थे तं आपल्याच डोक्यावर असते ना."

अगदी बरोबर बोलले. त्यांना तेव्हा घाईत दोन वाक्यांत उत्तर दिले, पण ते उत्तर अर्धवट होते. पुरते उत्तर द्यायचे तर मला १९८१ सालापासून सुरुवात करावी लागेल. आपण घरचीच माणसे आहात, म्हणून सांगतो.

त्या साली मी अकरा वर्षांचा होतो. आमची खुनी नदीच्या बाजूला साडेनऊ एकर जमीन. कापूस त्या वेळी एकाधिकार खरेदीत जायचा आणि पैसे हप्त्याहप्त्याने मिळायचे. त्या वर्षी एक हप्ता हाती आल्यावर वडिलांच्या मनात काय आले कोण जाणे, त्यांनी आईला म्हटले, चल, तुला समुद्र दाखवतो. नुसता दाखवायचा नाही, त्यावरून न्यायचे. मुंबईहून पणजीला जाणाऱ्या कोकण बोटी तेव्हा चालू होत्या. भाऊच्या धक्क्यावरून सकाळी बोट सुटायची, वाटेत कोकणातल्या बंदरांवर माणसे उतरवीत, चढवीत दुसऱ्या दिवशी पणजीला लागायची. पावसाळ्यात ती बंद असे. वडिलांनी मुंबईतल्या एका ओळखीच्या माणसाकडून डेकची दोन तिकिटे काढवून घेतली. आजीने रडारड केली. १९४७ च्या जुलैत 'रामदास' बोट रेवसला जाताना बुडाली आणि सहाशेच्या वर माणसे गेली, ती बातमी आजीच्या कानात चौतीस वर्षे बसलेली होती. तरी आईवडील निघाले.

मुक्काम ठरलेलाच होता. आईचे सख्खे भाऊ, माझे मामा, रेल्वेत नोकरीला होते आणि कल्याणला रेल्वेच्या चाळीत राहत. मुंबईत सख्खा भाऊ असताना बहिणीने दुसरीकडे उतरायचे ही कल्पनाही त्या काळी कोणाला शिवली नसती. तर कल्याणला उतरले. मामीने बहिणीसारखा पाहुणचार केला. बोटीच्या सकाळी पहाटे निघायचे ठरले होते, पण मामी म्हणाली, नणंद पहिल्यांदा घरी आली, उपाशी कशी धाडू? पुरणपोळीचा स्वयंपाक मांडला. वडील दारात चपला घालून उभे, मामी तव्यावर, आणि आई दोघांच्या मध्ये. शेवटी जेवून निघाले. पुढचे काय सांगू? धक्क्यावर पोचले तेव्हा बोट गेलेली होती. आई सांगते, पाण्यावर नुसता मासळीचा वास होता आणि एक माणूस जाळे विणत बसला होता.

वडील धक्क्यावर एक शब्द बोलले नाहीत. परत कल्याणला गेले नाहीत, तसेच रात्रीच्या गाडीने गावी आले. पैसे बुडाले ते बुडालेच. वडील २००९ साली वारले, तोवर आमच्या घरात 'बोट' हा शब्द कोणी काढत नसे. मामाकडे जाणे-येणे लग्नकार्यापुरते उरले. त्या कोकण बोटीही १९८०च्या दशकातच बंद झाल्या.

आता गेल्या दिवाळीकडे येतो. माझी मुलगी पुण्याला बँकेत आहे. दिवाळीला आली तेव्हा तिने आजीच्या पुढ्यात कागद ठेवला. मुंबईहून गोव्याला जाऊन परत येणाऱ्या मोठ्या प्रवासी बोटीची तीन तिकिटे, आजी, आई आणि मी. २०२१ पासून अशा बोटी मुंबईहून नियमाने सुटू लागल्या आहेत आणि आपल्या भागातली नोकरदार माणसेही जाऊ लागली आहेत. आईचे वय अठ्ठ्याहत्तर, दोन्ही गुडघे गेलेले. ती कागदाकडे बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "थेच बोट हाय का?" मी सांगितले, ती कुठची आई, ती जाऊन चाळीस वर्षे झाली. ही दहा-अकरा मजली आहे. आईने विचारले, "सुटते किती वाजता?"

तिकिटावर लिहिले होते, बोट संध्याकाळी पाचला सुटेल, पण बंदराचे दार दुपारी साडेतीनला बंद होईल. वाचकहो, इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. एस.टी.चे जसे, गाडी हलली तरी कंडक्टर घंटी मारून थांबवतो, तसे बोटीचे नाही. सामानाची तपासणी, ओळखपत्राची तपासणी, हे सारे आटोपून मगच आत सोडतात. म्हणजे तुमच्या लेखी बोट सुटण्याची वेळ ती खरी वेळ नव्हे, दार बंद होण्याची वेळ ती खरी.

माझा पहिला विचार असा होता की मुक्कामाची भानगडच नको. वर्ध्याहून संध्याकाळी विदर्भ एक्स्प्रेस धरायची, सकाळी मुंबईत उतरायचे, दुपारी बोटीत. एका रात्रीचे हॉटेलचे पैसे वाचले. हिशेब कागदावर छान बसला. पण मीच उन्हाळाभर गावोगाव सांगत फिरतो की पहिल्या सरीवर भुलू नका, पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस पडल्याशिवाय कपाशी टोबू नका. आणि इथे स्वतः एका गाडीच्या वेळेवर सारे बियाणे टाकायला निघालो होतो. साडेसातशे किलोमीटरच्या वर प्रवास. गाडी पाच-सहा तास उशिरा धावली तर तिला कोणाचा इलाज नाही, आणि गेलेल्या बोटीचे पैसे सहसा परत मिळत नाहीत. बायको म्हणाली, "अहो, सासूबाईंची एक बोट गेली आहे. दुसरी तुमच्या हाताने नको." विषय संपला. आदल्या दिवशी मुंबईत असायचेच.

प्रश्न उरला, कुठे?

आपल्या भागातल्या माणसाचे मुंबईत राहण्याचे रस्ते तीन-चारच. एक, आमदार निवास. पत्र आणायचे, आमदारांच्या खोलीत सतरंजी पसरायची, कोपऱ्यात आधीच सहा जण झोपलेले. मंत्रालयाच्या कामाला तरुण माणसाने जावे, ठीक आहे. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला तिथे नेणे मला पटले नाही. शिवाय मी सरकारी नोकर, खासगी मौजेसाठी आमदारांचे पत्र मागायचे आणि पुढे कृषी योजनेच्या लाभार्थ्यांची यादी घेऊन त्यांच्याच समोर उभे राहायचे, हे शोभत नाही.

दुसरा रस्ता धर्मशाळा. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. आपल्या जिल्ह्यातली कितीतरी कुटुंबे टाटा रुग्णालयात माणूस घेऊन जातात तेव्हा त्या छपराखाली राहिली आहेत. एका मित्राने सुचवले, तिथे बघा, स्वस्तात होईल. मी त्याच्यावर चिडलो. ती खाट कोणा आजाऱ्याच्या आईची आहे. हौसेला निघालेल्याने ती अडवू नये.

इथे आमच्या पांढरकवड्यातल्या एका चाचांची आठवण येते. त्यांचे वडील बोटीने हजला गेले होते. हजची बोट मुंबईहून जेद्दाला १९९५ पर्यंत जात असे, मग ती बंद झाली आणि सारे विमानाने जाऊ लागले. त्या काळी यात्रेकरू कितीतरी दिवस आधी मुंबईत येऊन पडायचे, क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात. चाचा सांगतात, अब्बांना हजची जेवढी आठवण होती तेवढीच त्या मुसाफिरखान्याची. तिथे बंगालचा माणूस भेटला, मलबारचा भेटला, एकमेकांच्या भाकरी वाटून खाल्ल्या. बोटीच्या आधीचा मुक्काम हाही प्रवासच होता म्हणायचा.

आणि हा मुक्काम माणसाला कसा गोत्यात आणतो ते पाहायचे तर गांधीजींची हकीकत 'सत्याचे प्रयोग'मध्ये आहे. १८८८ साली ते विलायतेला जायला राजकोटहून मुंबईला आले. लोकांनी सांगितले, पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, थांबा. भाऊ त्यांना एका मित्राच्या घरी ठेवून आणि प्रवासाचे पैसे मेहुण्याजवळ देऊन परत गेला. मुक्काम लांबला, तसे जातवाल्यांच्या कानावर गेले, सभा भरली, समुद्र ओलांडशील तर वाळीत टाकू म्हणाले, आणि टाकलेही. मेहुणा घाबरला आणि पैसे देईना. शेवटी दुसऱ्या एका स्नेह्याकडून उसने घेऊन ४ सप्टेंबर १८८८ रोजी ते बोटीत बसले. पैसे मेहुण्याजवळ नव्हे, आपल्या कनवटीला असावेत, एवढे तरी आपण त्यातून घ्यावे!

इंग्रजांनी आपली सोय बरोबर करून ठेवली होती. मेल बोट बॅलार्ड पिअरला लागायची आणि तिथेच धक्क्यावर रेल्वेचे स्टेशन. पंजाब मेल १९१२ साली सुरू झाली ती तिथूनच सुटत असे. साहेब बोटीतून उतरला की डब्यात. आज ते स्टेशन नाही, पण मोठ्या प्रवासी बोटी अजून त्याच बॅलार्ड पिअरवरून सुटतात. तिथल्या नव्या टर्मिनलचे उद्घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झाले. बोरीबंदर, म्हणजे आताचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, तिथून फार लांब नाही. टॅक्सीने थोडक्या वेळात माणूस पोचतो.

हे सांगण्याचे कारण असे की मुंबईत 'बोटीचा धक्का' म्हटला की तो एक नव्हे. गेटवेवरून घारापुरीच्या आणि मांडव्याच्या लाँची सुटतात. भाऊच्या धक्क्यावरून रेवस, मोऱ्याच्या लाँची आणि २०२० पासून मांडव्याची मोटारी वाहणारी रो-रो बोट. आणि गोव्याच्या मोठ्या बोटी बॅलार्ड पिअरवरून. तिकिटावर कोणते नाव आहे ते आधी वाचा आणि मगच खोली शोधा. मी ती चूक कशी केली ते पुढे येतेच.

मुक्कामाचा शेवटचा आणि सर्वांत अवघड रस्ता म्हणजे कल्याण. मामा गेले, पण मामेभाऊ तिथेच आहे, कल्याण पूर्वेला, पहिल्या मजल्यावर. मामी अंथरुणाला खिळलेली. खरे सांगतो वाचकहो, मी त्यांना न कळवता जायचे ठरवले होते. कळवले तर राहावे लागणार, राहिलो तर उशीर होणार, आणि नाही राहिलो तर राग धरणार. कल्याण ते बोरीबंदर चोपन्न किलोमीटर. सकाळच्या गर्दीत आईला लोकलमध्ये कोंबणे शक्य नाही. म्हणून मी गुपचूप बंदराजवळच एक लॉज फोनवर ठरवला, एक हजार रुपये आगाऊ पाठवले, आणि बायकोला सांगितले, कल्याणला कोणी काही बोलू नका. बोटीवरून आल्यावर सांगू.

आईने ते ऐकले. संध्याकाळी मी जेवायला बसलो तेव्हा ती समोर येऊन बसली.

"बाबू, वयनीले भेटल्याशिवाय मी बोटीत बसत नाई."

मी म्हटले, आई, येताना भेटू.

"येतानी नाई. जातानीच."

मी गाडीची वेळ, लोकलची गर्दी, दाराची वेळ सारे सांगितले. अधिकारी माणूस सभेत सांगतो तसेच सांगितले. आई ऐकून घेते आणि मग म्हणते, "तुह्या बापानं त्या दिवशी तिले सांगतलं बी नाई का बोट गेली म्हून. तसेच घरी आलो. तिले मागून समजलं. तवापासून तिनं मायाघरी कधी पुरनाची पोई खाल्ली नाई. तुले मालूम हाय का हे?"

मला ठाऊक नव्हते. मामी आमच्याकडे लग्नाला आली की पुरणपोळीचे ताट बाजूला सारायची, हे मी पाहिले होते. गोड आवडत नसेल असे समजत होतो.

मग काय, साराच बेत मोडून नव्याने मांडला. एक दिवस आणखी रजा घेतली. म्हशीचे दूध काढायला आणि वेचणीवर लक्ष ठेवायला शेजाऱ्याला विनवले. वेचणीचे दिवस, शेत सोडून जाणे जिवावर येते हे आपल्याला सांगायला नको. पण ठरवले असे की बोटीच्या दोन दिवस आधी कल्याण, तिथे एक पूर्ण दिवस आणि रात्र, आणि बोटीच्या आदल्या दिवशी दुपारीच तिथून निघून बंदराजवळच्या लॉजवर. म्हणजे भेटीचा मुक्काम वेगळा, बोटीचा मुक्काम वेगळा. दोन्ही एकात बसवायला गेले की १९८१ होते. मामेभावाला फोन केला. तो आधी गप्प झाला, मग म्हणाला, "दादा, तुम्ही याल असं वाटलं नव्हतं."

वर्ध्याला संध्याकाळी विदर्भ धरली, सकाळी कल्याण. विदर्भ कल्याणला थांबते, मुंबईपर्यंत जाऊन मागे यावे लागत नाही. मामी खाटेवर. आईला तिच्या खाटेजवळ खुर्ची दिली. दोघी म्हाताऱ्या एकमेकींचा हात धरून बसल्या. पहिला अर्धा तास दोघींनी फक्त कोणाकोणाचे गुडघे आणि कोणाकोणाची साखर एवढेच बोलून काढला. आम्ही बाहेरच्या खोलीत. रात्री केव्हातरी मला जाग आली तर आतून बोलण्याचा आवाज येत होता. मी उठलो नाही. काय बोलल्या ते मला ठाऊक नाही, आणि मी विचारलेही नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी निघायचे होते. मामेभावाची बायको स्वयंपाकाला लागली तसा आतून मामीचा आवाज आला. खाटेवरून उठता येत नाही, पण आवाज शाबूत.

"सूनबाई, ग्यास बंद कर! डब्बा भरून दे त्याइले. जेवू घालू नोको. निंगू दे आधी."

अजून साडेअकराच वाजले होते आणि बोट दुसऱ्या दिवशी होती. आम्ही हसलो, मामेभाऊ हसला. मामी मात्र हसली नाही. आईने डबा मांडीवर घेतला आणि म्हणाली, "वयनी, मले भूक लागली. जेवूनच जातो. आजची बोट नाई, उद्याची हाय." मग सारे जेवलो. मामीने खाटेवर बसून चार घास आईच्या ताटातले खाल्ले.

दुपारच्या लोकलला गर्दी कमी असते, बसायला जागा मिळाली. इथपर्यंत सारे नीट झाले, आणि मग माझी हुशारी आडवी आली.

मी फोनवर ठरवलेला लॉज 'बंदराजवळ' होता खरा, पण भाऊच्या धक्क्याजवळ. मी तिकिटावरचे नाव न पाहता, घरात चाळीस वर्षे ऐकलेले नाव डोक्यात धरून खोली घेतली होती. तेही चालले असते, टॅक्सीने सकाळी जाता आले असते. पण खोली तिसऱ्या मजल्यावर. मी फोनवर विचारले होते, लिफ्ट आहे का? हो म्हणाले होते. लिफ्ट होतीही, पण तिच्या जाळीला कुलूप आणि आत रंगाचे डबे. मॅनेजर म्हणाला, आजींना दोघे धरून चढवा की, काय होते. आईने जिन्याकडे पाहिले आणि पदर खोचला. म्हणाली, चढतो मी. सात पायऱ्या चढली आणि आठव्या पायरीवर बसली. तिचे ओठ पांढरे पडले होते. बायकोने माझ्याकडे पाहिले ते मी जन्मात विसरणार नाही.

हजार रुपये मागितले, मिळाले नाहीत. भांडत बसलो नाही. आईला आणि बायकोला टॅक्सीत बसवून बोरीबंदरला आणले, स्टेशनसमोरच्या एका चहाच्या दुकानात बसवले आणि मी फोर्टात खोली शोधत फिरलो. संध्याकाळचे साडेसहा वाजले होते. पहिल्या ठिकाणी जागा नाही, दुसऱ्या ठिकाणी भाडे ऐकूनच परत फिरलो, तिसऱ्या ठिकाणी संडास भारतीय पद्धतीचा, जो आईच्या गुडघ्यांना चालत नाही. चौथ्या ठिकाणी, जीपीओच्या मागच्या बाजूला, जुन्या दगडी इमारतीत तळमजल्यावर एक खोली मिळाली. अठ्ठावीसशे रुपये. खोली लहान, खिडकी भिंतीकडे उघडणारी, पण पायरी एकच, संडास कमोडचा, गरम पाणी, आणि बॅलार्ड पिअर टॅक्सीने पाच-सात मिनिटे. मी आधी पलंगावर स्वतः बसून पाहिले, नळ सोडून पाहिला, मग पैसे दिले. वीस हजारांच्या पंपाची जोडणी स्वतः उभे राहून तपासणारा माणूस मी, आईच्या खोलीला मात्र फोनवर 'हो' ऐकून गप्प बसलो होतो.

म्हणून आपणांपैकी कोणी जाणार असेल तर एवढे विचारा: लिफ्ट आहे का असे नव्हे, लिफ्ट आज चालू आहे का, आणि लिफ्टपर्यंत पायऱ्या किती. खोली कितव्या मजल्यावर. कमोड आहे का. खोली सकाळी किती वाजता सोडावी लागते, कारण दहाला बाहेर काढले आणि बंदराचे दार बाराला उघडले तर मधले दोन तास म्हाताऱ्या माणसाला घेऊन कुठे बसणार? मधल्या वेळेत सामान ठेवून घेतात का. खोलीचा फोटो पाहू नका. फोटो बियाण्याच्या पिशवीवरच्या बोंडासारखा असतो. शक्य असेल तर मुंबईतल्या ओळखीच्या माणसाला एकदा जाऊन पाहायला सांगा. मामेभावाला मी एक शब्द टाकला असता तर तो आदल्या रविवारी जाऊन पाहून आला असता. पण मी तर त्याच्यापासून लपवत होतो.

रात्री आईच्या गुडघ्यांना तेल लावले. ती म्हणाली, "हजार रुपये गेले?" मी म्हटले, गेले. थोड्या वेळाने म्हणाली, "तुह्या बापाचे तं दोन तिकिटं गेले व्हते. तूच बरा." आणि भिंतीकडे तोंड करून हसत झोपली.

सकाळी अकरालाच आम्ही तयार. दार बाराला उघडते म्हटले तरी आई ऐकेना. खोलीतून निघून साडेअकराला बंदराच्या दाराशी जाऊन बसलो. आमच्या आधी फक्त दोन माणसे होती. चाकाच्या खुर्चीसाठी मुलीने तिकीट काढतानाच लिहून ठेवले होते, त्यामुळे ती मिळाली. आपण आधी कळवले नाही तर ऐन वेळी मिळेलच असे धरून चालू नका. आईचे, बायकोचे, माझे आधार कार्ड तपासले, पिशव्या यंत्रातून गेल्या. मामीने दिलेल्या डब्यातल्या दशम्या मात्र आत नेऊ देत नव्हते. बाहेरचे अन्न चालत नाही म्हणाले. आईने त्या तिथेच बाकावर बसून खायला घेतल्या, एक त्या पहारेकऱ्याला दिली. तोही आपल्याच बाजूचा निघाला, वाशीमकडचा. त्याने घेतली.

बोटीचे वर्णन मी करत नाही. ते ज्याला त्याला फोनवर दिसते. पाच वाजता भोंगा झाला आणि धक्का हळूहळू मागे सरकू लागला. आईची खुर्ची मी कठड्यापाशी नेली होती. तिने पदराने तोंड पुसले आणि म्हणाली, "वयनीले फोन लाव."

मी लावला. पलीकडे मामेभावाने फोन मामीच्या कानाशी धरला असावा.

"वयनी," आई ओरडली, वारा फार होता, "सुटली व बोट. आमी आतच हाओ."

पलीकडून मामी काय बोलली ते मला ऐकू आले नाही. आई बराच वेळ नुसती "हाव, हाव" करत राहिली. मग फोन माझ्या हातात देऊन म्हणाली, पुढच्या महिन्यात वयनीला गावी आणायचे आहे, तिच्यासाठी तळमजल्यावरची खोली रिकामी कर, बियाण्याच्या थैल्या तिथून हलव.